दहावीपर्यंतची शाळा कुठे आहे?

“मुलं मोठी होतायत, आता मानखुर्द सोडावं का?”

लल्लूभाई कंपाउंड, पीएमजीपी कॉलनी, महाराष्ट्र नगर, मंडाळा या भागांत मूल चार-पाच वर्षांचं झालं की हा प्रश्न घरात निघतोच. मामा चेंबूरचं नाव घेतो, कामावरचं कुणी मुलुंड सुचवतं, शेजारची ताई खाडीपलीकडच्या वाशी-नेरूळकडे बोट दाखवते. बोलणं भाड्याचं आणि डिपॉझिटचं चालतं, पण सगळ्यांच्या मनात शाळाच असते.

प्रश्न रास्त आहे. मानखुर्द-गोवंडीचा एम पूर्व विभाग २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक वस्तीचा. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत तो तळाशी होता. इथल्या हजारो कुटुंबांनी हा पत्ता निवडलेलाही नाही. रेल्वेरुळांलगतची किंवा रस्त्याच्या कामात गेलेली घरं सोडून त्यांना पुनर्वसनाच्या इमारतींत आणलं गेलं. अशा कुटुंबाला पहिल्यांदाच आपल्या मनाने जागा निवडता येते, तेव्हा ती संधी मुलांच्या शाळेसाठी वापरावीशी वाटणं साहजिक आहे. मात्र ही निवड करताना बहुतेक पालकांची नजर पहिलीच्या प्रवेशावर असते. माझं म्हणणं असं की ती दहावीवर ठेवावी. का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. पत्त्यावरून शाळा ठरते का?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ठरते. तिथे घराच्या पत्त्यावरून मुलाची सरकारी शाळा कोणती ते पक्कं होतं, आणि शाळेचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. त्यामुळे चांगल्या शाळेच्या हद्दीतली घरं महागतात. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत हे मोजून पाहिलं. शाळांच्या हद्दीच्या अगदी अल्याड-पल्याड असलेल्या घरांच्या किमती त्यांनी ताडून बघितल्या. शाळेचे परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील, तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात, असं त्यांना आढळलं. ‘चांगल्या शाळेचं उपनगर’ ही कल्पना अशा व्यवस्थेतून आलेली आहे.

आपल्याकडेही कोठारी आयोगाने (१९६४-६६) परिसरातल्या सगळ्या मुलांनी परिसरातल्याच सार्वजनिक शाळेत शिकावं अशी शिफारस केली होती. श्रीमंताचं आणि गरिबाचं मूल एका बाकावर बसेल, मग शाळा सुधारण्यासाठी दोघांचेही आईवडील आग्रह धरतील, हा त्यामागचा विचार. तो अमलात आला असता तर आज मानखुर्दच्या पालकाला हा प्रश्न पडलाच नसता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मुंबईत पत्त्याने शाळा बांधली जात नाही. मानखुर्दचं मूल चेंबूरच्या किंवा घाटकोपरच्या महापालिका शाळेत जाऊ शकतं. उलट, दाराजवळची शाळा आपल्याला मिळेलच असंही नाही. याच विभागात अणुशक्तीनगर आहे. तिथल्या अणुऊर्जा केंद्रीय विद्यालयांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या शाळा मुख्यतः अणुऊर्जा खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत. तिथे प्रवेश ठरतो तो आईवडिलांच्या नोकरीवरून. कुंपणाला लागून घर घेतलं तरी फरक पडत नाही. म्हणून एखाद्या उपनगराचं नाव ऐकून घर बघू नये. त्या पत्त्यावरून नेमकी कोणती शाळा, कोणत्या नियमाने मिळते ते विचारावं.

२. शाळा कुणाची आहे?

हे समजलं की फी, प्रवेश आणि तक्रार कुठे करायची, या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

महापालिकेची शाळा पूर्ण मोफत असते. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवते आणि वह्या, गणवेश, दप्तर, बूट धरून २७ शालेय वस्तू देते. २०२४-२५ चं तिचं शिक्षणाचं अंदाजपत्रक जवळपास ३५०० कोटींचं होतं. २०२० पासून या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ असं नाव देण्यात आलं. २०२१ मध्ये तिने सीबीएसई मंडळाच्या नव्या शाळा काढल्या; त्यांत चेंबूरची अझीझ बाग, विद्याविहारची राजावाडी, विक्रोळीची हरियाली व्हिलेज आणि मुलुंडची मिठागर या शाळा होत्या. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की तिथे सोडत निघते. घर बदलण्याच्या गप्पांत या शाळांची नावं हल्ली वारंवार येतात, आणि त्यात गैर काही नाही.

अनुदानित शाळा संस्थेची असते, पण शिक्षकांचे पगार सरकार देतं, त्यामुळे फी अल्प असते. मध्यम आणि गरीब घरांतल्या मुंबईकरांच्या कित्येक पिढ्या या शाळांनीच घडवल्या. तरी घर शोधताना त्यांची चौकशी फारशी कुणी करत नाही. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा मात्र सगळा खर्च फीमधून भागवतात.

याशिवाय अनधिकृत शाळा आहेत. महापालिका अशा शाळांची यादी जाहीर करते आणि तीत मानखुर्द-गोवंडीची नावं असतात. पाटी इंग्रजी, फी परवडण्याजोगी, गणवेश टापटीप, म्हणून पालक भुलतात. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला शिक्षण हक्क कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण मुलाची गेलेली वर्षं दंडाने भरून येत नाहीत. उपाय सोपा आहे. मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो आणि त्यातले पहिले दोन आकडे महाराष्ट्रासाठी २७ असतात. तो मागून घ्या आणि यूडायसच्या संकेतस्थळावर घालून पाहा. शाळेत वर्ग किती, शिक्षक किती, मान्यता कितवीपर्यंत, हे सगळं तिथे दिसतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठून यावं.

३. एक किलोमीटर

पत्त्याला खरी किंमत येते ती एका ठिकाणी: शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांमध्ये. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या (बालवर्गापासून प्रवेश देत असतील तर तिथल्या) २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या आहेत. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलांना ‘वंचित’ म्हणून अर्ज करता येतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार यातून बाहेर आहेत.

अर्ज भरताना घराची जागा नकाशावर दाखवावी लागते. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते, मग एक ते तीन किलोमीटरच्या. दहा शाळांपर्यंत पसंती देता येते. भाड्याने राहणाऱ्यांसाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि तो अर्जाच्या आधीचा असावा लागतो. सोडतीत नाव लागल्यावर पडताळणीत घर दुसरीकडेच निघालं, तर प्रवेश जातो. तेव्हा शाळेजवळ भाड्याने जायचंच असेल, तर अर्जांची तारीख येण्याआधी करार नोंदवून तिथे प्रत्यक्ष राहायला गेलेलं असावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. मुंबईसारख्या शहरात याचा अर्थ जवळपास सगळ्याच खासगी शाळा सुटणार असा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. म्हणून आज ही वाट खुली आहे.

नकाशावरचं अंतर सरळ रेषेत मोजलं जातं, आणि मूल काही सरळ रेषेत चालत नाही. मानखुर्दमध्ये हा फरक फार मोठा आहे. हार्बरचे रूळ, सायन-पनवेल महामार्ग आणि घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता यांनी वस्तीचे तुकडे केले आहेत. नकाशात आठशे मीटरवर दिसणारी शाळा पादचारी पूल आणि सिग्नल धरून दीड-दोन किलोमीटरवर जाते, आणि त्या रस्त्यावर अवजड गाड्यांची रांग असते. म्हणून घर बघायला जाल तेव्हा घर ते शाळा हे अंतर शाळा भरायच्या वेळी, मुलाचा हात धरून, चालून पाहा. जमलं तर एकदा जुलैतल्या पावसात पाहा.

४. गाडी कुठपर्यंत जाते?

लोकल आली की बसायला जागा दिसली म्हणून कुणी चढत नाही. आधी इंडिकेटरवर गाडी कुठपर्यंत जाते ते बघतो. १९९२ मध्ये खाडीपूल सुरू होईपर्यंत हार्बरची गाडी मानखुर्दलाच संपायची. शाळेकडेही तसंच बघायला हवं. पहिलीला जागा मिळाली, पण शाळा संपते कितवीला?

महापालिकेच्या प्राथमिक शाळा परंपरेने सातवीपर्यंतच्या. काहींना आठवीचा वर्ग जोडला गेला. नववी-दहावीच्या महापालिका शाळा संख्येने फारच कमी, आणि आपल्याच माध्यमाची, चालत जाता येईल अशी शाळा सापडणं त्याहून अवघड. त्यात कायद्याचं छत्रही नेमकं इथेच संपतं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला, म्हणजे आठवीपर्यंत लागू आहे. २५ टक्क्यांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाची मोफत सोय आठवीला थांबते आणि नववीपासून पूर्ण फी सुरू होते. पोषण आहारही आठवीपर्यंतच. एकाच वर्षी घरापासूनचं अंतर वाढतं, फी वाढते आणि दुपारचं जेवण बंद होतं. मूल तेव्हा तेरा-चौदा वर्षांचं असतं. मुलगा असेल तर कुणीतरी त्याला कामाला लावायला टपलेलं असतं, मुलगी असेल तर “एवढ्या लांब एकटी कशी जाईल?” हा प्रश्न उभा राहतो आणि ती घरी बसते. मानखुर्दमध्ये शिक्षणाची खरी गळती इथली आहे. पहिलीची शाळा गल्लोगल्ली मिळते.

म्हणून कुठल्याही शाळेत, मग ती मानखुर्दची असो की मुलुंडची, पहिला प्रश्न हा विचारा: “या शाळेतली मुलं आठवी किंवा नववीला कुठे जातात?” मुख्याध्यापकांनी जवळच्या माध्यमिक शाळेचं नाव चटकन सांगितलं आणि तिथे आपल्या मुलांना प्रवेश मिळतो असं म्हटलं, तर वाट बांधलेली आहे. “ते पालक बघतात,” असं उत्तर आलं तर सावध व्हा. सीबीएसईच्या नव्या शाळांतही चौकशी करा की यंदा सर्वांत वरचा वर्ग कोणता आहे, दहावीची पहिली तुकडी बसून गेली का.

दहावीच्या निकालाची टक्केवारीही नीट वाचायला हवी. समजा, एका शाळेत आठवीला ६० मुलं होती. त्यांतली ४० दहावीच्या परीक्षेला बसली आणि ३८ उत्तीर्ण झाली. फलकावर निकाल लागेल ९५ टक्के. पण आठवीत असलेल्या ६० पैकी दहावी पार केली ती ३८ मुलांनी, म्हणजे ६३ टक्के. उरलेल्या बावीस मुलांचं काय झालं, हे फलक सांगत नाही. दुसऱ्या शाळेत ६० पैकी ५८ बसली आणि ५० उत्तीर्ण झाली, तर तिचा निकाल ८६ टक्के दिसेल, पण ६० पैकी ८३ टक्के मुलं तिने पार नेली. मी माझ्या मुलीला दुसऱ्या शाळेत घालीन.

५. शाळा बघायला गेल्यावर

कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. पहिली ते पाचवी मिळून १५० मुलं असतील तर किमान पाच शिक्षक. पटावरची संख्या विचारा, शिक्षकांची संख्या विचारा आणि भागाकार करा. शिक्षकांपैकी किती जण निवडणुकीच्या किंवा इतर कामावर गेलेत हेही विचारा, कारण कागदावरचा शिक्षक वर्गात असेलच असं नाही.

महापालिकेच्या एकाच इमारतीत अनेकदा तीन-चार माध्यमांच्या वेगवेगळ्या शाळा भरतात, काही सकाळी, काही दुपारी. त्यामुळे “ती शाळा चांगली आहे” हे वाक्य अपुरं आहे. कोणतं माध्यम आणि कोणतं सत्र, हे कळल्याशिवाय ते वापरू नये. माध्यमाबद्दल पालकांच्या मनात मोठी घालमेल असते. जिथे सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून, तिथे मराठी घरातल्या मुलासाठी तो पर्याय आधी पाहावा असं माझं मत आहे. घरी इंग्रजी कुणाला येत नाही आणि शाळेतल्या बाईंनाही ती अडखळत येते, अशा वर्गात मूल ना धड इंग्रजी शिकतं, ना विषय. दुसरीकडे, सीबीएसईत गेलं तर मराठी सुटेल ही भीती धरू नका. २०२० च्या राज्याच्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे.

आणि शिकवणं कसं आहे, हे कसं कळणार? ‘प्रथम’ ही संस्था १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्या चालवत सुरू झाली. पुढे २००५ पासून तिने देशभरच्या खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावणारी ‘असर’ पाहणी सुरू केली. तिची पद्धत इतकी साधी आहे की कुणीही पालक वापरू शकेल. त्या शाळेतली, तिसरी-चौथीतली शेजारपाजारची चार-पाच मुलं गाठा. दुसरीच्या पुस्तकातली एक छोटी गोष्ट वाचायला द्या. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागायला सांगा, उदाहरणार्थ ८५२ भागिले ४. चौथीतली बहुतेक मुलं गोष्ट न अडखळता वाचत असतील आणि २१३ हे उत्तर काढत असतील, तर त्या शाळेत कुणीतरी मनापासून शिकवतंय. इमारतीचा रंग, संगणक कक्ष, दारावरचं नाव, हे सगळं यानंतर.

स्वच्छतागृह मात्र जरूर पाहा, विशेषतः मुलींचं. दाराला कडी आहे का आणि नळाला पाणी आहे का.

६. एका घराचा हिशेब

समजुतीसाठी एक घर घेऊ. मुलगी पाचवीत, मुलगा बालवर्गात, पुढच्या वर्षी पहिलीला जाणार. मानखुर्दमध्ये भाडं ८,००० रुपये. चेंबूरला तेवढ्याच खोलीचं १७,००० धरू. फरक महिन्याला ९,०००, वर्षाला १,०८,०००. मुलगी दहावी होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, हा फरक भरला तर ६,४८,००० रुपये होतात. भाडेवाढ आणि डिपॉझिट वेगळं.

दुसरा मार्ग म्हणजे मानखुर्दलाच राहून मुलीला आठवीपासून लांबच्या माध्यमिक शाळेत पाठवायचं. जायला ४० मिनिटं, यायला ४०. वर्षाचे २२० दिवस धरले तर १७,६०० मिनिटं, म्हणजे जवळपास २९३ तास. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला १,००० तास अध्यापन हवं. त्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास वेळ तिचा बसमध्ये आणि फलाटावर जाईल. दमून आलेली मुलगी संध्याकाळी अभ्यासाला बसेल का, याचं उत्तर प्रत्येक आईला ठाऊक आहे.

तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मुलगी सातवी होईपर्यंत इथल्याच, वर सांगितल्याप्रमाणे तपासून घेतलेल्या शाळेत राहू द्यावी. दरम्यान दरमहा काही रक्कम बाजूला टाकावी. आठवी ते दहावीची चांगली अनुदानित किंवा महापालिकेची माध्यमिक शाळा आधी हेरावी आणि मग तिच्यापासून चालत जाता येईल अशी खोली शोधावी, त्या तीन वर्षांसाठी. जादा भाडं ३,२४,००० वर येतं, म्हणजे निम्मं. मुलगा तेव्हा तिसरीत असेल. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतून दुसऱ्या तशाच शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, तरी त्या कारणाने नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. एक मोठा अपवाद आहे. मुलगा २५ टक्क्यांतून खासगी शाळेत गेला असेल, तर ती जागा त्या शाळेपुरती आहे, घराबरोबर हलत नाही. दोन मुलांच्या वाटा जुळवताना ही गोष्ट आधी कागदावर मांडा.

खाडीपलीकडे जायचं असेल तर आणखी एक ध्यानात घ्यावं. वाशी हे पुढचं स्टेशन असलं तरी तिथे महापालिका वेगळी आणि जिल्हाही वेगळा, ठाणे. २५ टक्क्यांचे अर्ज, शाळांच्या याद्या, अधिकारी, सगळं बदलतं. मुलुंड मुंबईतच आहे, पण मानखुर्दहून कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. वडिलांचं काम मानखुर्द-गोवंडीकडे असेल तर त्यांचे तासही हिशेबात धरा.

७. जे इथेच राहणार त्यांच्यासाठी

सगळ्यांना भाड्याचा फरक परवडत नाही, आणि सगळ्यांनी मानखुर्द सोडावं असं मी म्हणणारही नाही. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा ही समिती बनवते. आठवीचा वर्ग जोडावा, जवळ नववी-दहावी सुरू करावी, ही मागणी समितीच्या ठरावाने लेखी गेली तर ती विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना नोंदवावीच लागते. कित्येक शाळांत ही समिती कागदावरच राहते, कारण पालकांना तिची माहितीच नसते. मुलाच्या शाळेत जा, समितीत कोण आहे आणि पुढची सभा कधी आहे ते विचारा, आणि त्या दिवशी शक्य असेल तर अर्धा दिवस रजा टाकून हजर राहा. ठराव करताना दहावीचं नाव आधी घ्या.